हाचो ड्रायव्हर खंय?

१९८६ च्या चवथीला मामा कुवेतहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत माझ्यासाठी एक लाल-निळा ट्रक होता. पाय ओढले, हात फिरवले की त्याचा यंत्रमानव व्हायचा. माटोळीखाली बसून आम्ही भावंडांनी तो किती वेळा उलगडला, देव जाणे. मामा स्वतः तिकडे ट्रेलर चालवायचा. त्याने पुढची काच उघडली, आत बसायची जागा पाहिली आणि म्हणाला, ‘‘अरे, हाचो ड्रायव्हर खंय रे?’’

ड्रायव्हर नव्हताच. मी तिथे एक चिंचोका बसवला.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला वीसेक वर्षं लागली. सरकारी नोकरीत स्थिरावलो, सायबर कॅफेत जाऊ लागलो आणि जुन्या बदलत्या रोबोंचा नाद लागला. तेव्हा कळलं की या ट्रकचं घराणं जपानचं. तिथल्या टाकारा कंपनीने १९८० साली ‘डायाक्लोन’ नावाची खेळणी काढली. त्यात रोबो म्हणजे निव्वळ यंत्र. ते चालवायला जेमतेम तीन सेंटीमीटर उंचीची माणसं असायची, पायात लोहचुंबक बसवलेली. टाकाराचीच दुसरी मालिका १९८३ ची ‘मायक्रो चेंज’. तिच्यात कॅसेट प्लेअर, पिस्तूल अशा घरातल्या वस्तूंचे रोबो व्हायचे.

१९८४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रोने या दोन्ही मालिकांतले साचे घेऊन ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे एकच कुटुंब केलं. म्हणून तर त्यात ट्रकचा रोबो आणि हातात मावणाऱ्या पिस्तुलाचा रोबो एकमेकांविरुद्ध लढतात! नव्या कथेत रोबो जिवंत झाले, स्वतः बोलू लागले, मग चालकाचं काम काय? तो खोक्यातून गेला. साचा मात्र जुनाच होता, त्यामुळे त्याची जागा राहिली.

खरी मजा आहे ती टाकातोकूसारख्या विस्मरणात गेलेल्या कंपन्यांत. तिने ‘मॅक्रॉस’ या १९८२ च्या मालिकेतलं विमान केलं होतं. हॅस्ब्रोने ते ‘जेटफायर’ म्हणून विकलं. टाकातोकू १९८४ मध्ये बुडाली आणि तिचे साचे टाकाराच्या प्रतिस्पर्ध्याकडे, बंडाईकडे गेले. परिणाम असा की कार्टूनमध्ये त्या विमानाचं रूपही बदललं आणि नावही ‘स्कायफायर’ झालं. सुरुवातीच्या काही जेटफायरवर मॅक्रॉसचं बोधचिन्ह तसंच छापलेलं आहे. ते विमान विकत घेणं माझ्या पगारात बसत नाही. फोटो पाहतो.

कारकुनाला शिक्का महत्त्वाचा. खेळण्यावरचं साल हे त्याच्या जन्माचं नसतं, बहुधा साच्याच्या हक्काचं असतं. हे न कळल्याने मी एकदा ‘१९८०’ वाचून हुरळलो आणि टपालाने नवीकोरी नक्कल घरी आणली. असो.

एक धागा आपल्या गोव्यापर्यंतही येतो. हॅस्ब्रोचा १९६४ सालचा ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाहुला टाकाराने १९७० च्या सुमारास जपानात आणला. त्यातून १९७२ चा पारदर्शक सायबॉर्ग, त्यातून १९७४ चा बोटभर ‘मायक्रोमॅन’, आणि त्याच्या पोटी मायक्रो चेंज. म्हणजे हॅस्ब्रोने १९८४ मध्ये आणलं ते स्वतःचंच नातवंड! पुढे हॅस्ब्रो आणि एमआरएफ यांच्या भागीदारीतून १९८७ साली फनस्कूल सुरू झाली. तिचा कारखाना आपल्या खोर्लीत. फनस्कूलने भारतात काढलेल्या जी. आय. जोंच्या चित्रविचित्र रंगांसाठी परदेशातले संग्राहक जीव टाकतात. आपल्याकडे मात्र त्यांतले बरेचसे भंगारात गेले असणार.

१९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि मामा अंगावरच्या कपड्यांनिशी घरी परतला. त्या वर्षांतलं आमच्याकडे उरलंय ते एवढंच, हा ट्रक. शिक्के वाचायला शिकल्यावर मी तो माळ्यावरून काढला, भिंग लावून उलटसुलट पाहिला. टाकाराचं नाव कुठेच नाही. आमचा ट्रकही नकलीच होता. दिवसभर मन लागेना. मग काच उघडली, तर ती बसायची जागा होतीच. ती कशासाठी हे माहीत असो वा नसो, नक्कल करणाऱ्याने तीही उतरवली होती.

गेल्या वर्षी बरीच काटकसर करून एक डायाक्लोन चालक मागवला. एक हात तुटलेला, म्हणून स्वस्त. आमचा ट्रक मूळ ट्रकापेक्षा किंचित लहान निघाला, त्यामुळे तो चालक आत नीट बसतही नाही. गुडघे वर येतात. तरी तसाच घेऊन मामाकडे गेलो. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. त्याने चालक तळहातावर घेतला, चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिला.

‘‘इतलो ल्हान?’’ म्हणाला, ‘‘आनी हाका पगार कितलो?’’