पपई, पोप आणि आमचं पापळ

आजच्या भागाची सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

दिवाळीत गावी गेलो होतो, नांदगाव खंडेश्वरला. नुसतं नांदगाव म्हटलं की पुण्यातले मित्र थेट नाशिक जिल्ह्यात पोचतात, आणि आमच्या अमरावतीजवळच दुसरं एक नांदगाव पेठ आहे. म्हणून खंडेश्वर मागे लावावंच लागतं. तर तिथे आजीच्या जुन्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या. परत आल्यावर ते रेकॉर्डिंग आवाजाचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलं. स्क्रीनवर वाक्य आलं, "भाऊसाहेब पपईचे."

आजी म्हणाली होती, "भाऊसाहेब पापयचे."

भाऊसाहेब म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावतीच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक, १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, आमच्याच तालुक्यातल्या पापळ गावचा. मशीनने पापळची पपई केली. रोमन लिपीत तर आणखी गंमत आहे. 'पी ए पी ए एल' हे स्पेलिंग इंग्रजी माणूस 'पेपल' वाचतो, म्हणजे पोपसंबंधी. आमच्या गावाचा आणि व्हॅटिकनचा संबंध असा लागतो.

मी पपई खोडून पापळ लिहिलं. मग हात शिवशिवले. आजीचं 'डोया' होतं, तिथे 'डोळा' केलं. 'जवय' चं 'जवळ', 'कायले' चं 'कशाला'. स्वच्छ मजकूर तयार झाला आणि तिला फोनवर वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "हे कोन बोललं? मी त असं नाही बोलली."

त्या वाक्यावरून हा भाग सुचला.

वऱ्हाडीत ळ चा य होतो. काळा तो काया, केळ ते केय, पिंपळगाव ते पिंपयगाव. आमच्या तालुक्यातलं मंगरूळ चव्हाळा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मंगरूय चव्हाया असतं. बाहेरच्याला वाटतं, जीभ वळत नाही यांची. कॉलेजात मलाही तेच वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी 'जवय' म्हणालो, वर्ग हसला, आणि महिन्याभरात मी य गाडून टाकला.

आता इंजिनिअर म्हणून बघतो तेव्हा वेगळंच दिसतं. जीभ वळत नसती तर सगळा गोंधळ झाला असता, ल आणि ळ एकमेकांत मिसळले असते. तसं होत नाही. आजी 'काल' ला कालच म्हणते, 'माल' ला मालच. य होतो तो फक्त ळ चा. म्हणजे ल वेगळा आणि ळ वेगळा हा फरक तिच्या बोलण्यात जिवंत आहे. रोमन लिपीत मात्र दोन्हींना एकच 'एल', तिथे काल आणि काळ सारखेच. जे स्पेलिंग आपण अधिकृत मानतो त्यात माहिती गळाली आहे, आणि ज्या उच्चाराला हसतो त्यात ती शिल्लक आहे. फुकट काही मिळत नाही हे खरं. माळ आणि माय आमच्याकडे एकच ऐकू येतात. पण हा नियम आहे, बग नाही.

मग नावं लिहिली कोणी? वऱ्हाडात लेखणी बहुतेक वेळा बाहेरच्याच हातात होती. मोगलांच्या फारसी कागदांत वऱ्हाडचं बरार झालं. व चा ब, आणि फारसीत ड नाही म्हणून त्याचा र. अकबराच्या काळातला अबुल फजल 'आईन-ए-अकबरी' मध्ये सांगतो की मूळ नाव वरदातट, वरदा म्हणजे वर्धा नदीचा काठ. ही व्युत्पत्ती सगळ्यांना पटेल असं नाही, पण चारशे वर्षांपूर्वीही हे नाव असं का, हा प्रश्न पडत होता एवढं नक्की. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला आणि त्यांनी बरारचं 'बेरार' करून टाकलं.

अमरावतीचं तर आणखी भारी. जुन्या इंग्रजी कागदांत तिचं स्पेलिंग डबल ओ ने सुरू होतं, ऊमरावती. इथला कापूस मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' नावाने विकला जायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या मालाला भाव आला. ज्यांनी अमरावती कधी पाहिली नाही ते व्यापारी रोज तिचं नाव घेत होते. आणि तो 'ऊ' चुकीचा नव्हता. उमरावती हे जुनं रूप आहे, आणि त्याचा संबंध औदुंबराशी, उंबराशी जोडतात. पुढे सरकारी गॅझेटिअरमध्ये 'अमराओती' आलं, उंबर गेलं.

आडनावांचंही हेच. आमच्याकडे वानखडे असतात. मुंबईच्या स्टेडियमला नाव मिळालं ते नागपूरचे शेषराव वानखेडे यांचं. १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली, आणि तेव्हापासून इंग्रजी कॉमेंट्रीत त्याचं 'वॉनखेडी' होत आलंय. सर्जन-लेखक अतुल गावंडे यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचं. अमेरिकेत 'गा' आखूड होतो आणि जोर 'वां' वर जातो. आणि काळे? स्पेलिंग 'के ए एल ई'. तिकडे ती केल नावाची पालेभाजी झाली. गावी मात्र तेच आडनाव 'काये' असतं. पालेभाजीवर कोणी हसत नाही, 'काये' वर हसतात.

मला टोचतं ते इथेच. फारसी कारकुनाने ड चा र केला, तो इतिहास झाला. इंग्रजाने ऊमरा लिहिलं, तो व्यापार झाला. आजीने ळ चा य केला, तो अशुद्धपणा. आणि या वेळी तिला दुरुस्त करणारा कारकून मी होतो, तिचाच नातू.

त्यामुळे यापुढे या ट्रान्सक्रिप्टमध्ये एक बदल. आजी बोलेल तसंच छापणार. 'पापय' पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'पापळ' देईन, म्हणजे शोधणाऱ्याला गाव सापडेल. वाक्य तिचंच राहील. सुधारलेली प्रत मी डिलीट केली आहे.

तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग ठीक आहे. पन पपई कुठून आनली रे तुह्या मशीननं?"

तुमच्या गावाचं नाव बोर्डावर एक आणि घरात एक असेल, तर जरूर कळवा. शक्यतो लिहून नको, बोलून पाठवा. भेटू पुढच्या भागात!