वाफशाचा नियम

१९८६ मध्ये भारत सरकारने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा प्रकल्प हाती घेतला. त्यातलं एक केंद्र होतं मुंबईतल्या जुहूचं एनसीएसटी. तिथे 'विद्वान' हे सॉफ्टवेअर घडलं: तज्ज्ञाचं ज्ञान 'जर-तर' नियमांत भरायचं, तर्क संगणक करणार. वळण स्टॅनफर्डच्या १९७०च्या दशकातल्या 'मायसिन'चं. मायसिन रक्तातल्या जंतुसंसर्गावर सल्ला देई, पण रोजच्या वापरात कधी आलंच नाही.

प्रोग्राम लिहिणं त्यामानाने सोपं. अडायचं माणसापाशी. "कसं ओळखता?" विचारलं की तज्ज्ञ म्हणणार, "बघितलं की कळतं." म्हणून नियम विचारायचा नाही, एक प्रसंग समोर ठेवायचा आणि त्यातली एकच गोष्ट बदलायची.

मोरगावात चुलत्यांवर हे करून पाहिलं. मुठीत दाबलेला मातीचा गोळा खाली टाकल्यावर फुटला की वाफसा आला, कुळव घाला. इतकं सगळेच सांगतात.

"काळ्या रानातही हेच?"

"छे! तिथं अजून एक दिवस थांबायचं."

हा दुसरा नियम त्यांनी आपणहून कधीच सांगितला नव्हता.

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊस प्रकल्पात आता ओल सेन्सर मोजतात. चुलते पंच्याहत्तरीला आलेत. माझे अजून बरेच प्रश्न बाकी आहेत.