श्रुतलेखनाची कसोटी आणि ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीयत्व

१ जानेवारी १९०१ रोजी सहा ब्रिटिश वसाहतींचे मिळून ऑस्ट्रेलियाचे संघराज्य स्थापन झाले. त्याच वर्षी तेथील संसदेने स्थलांतर-निर्बंध कायदा संमत केला. गौरेतरांस प्रवेश नाकारणे हा त्याचा हेतू होता. तथापि त्या कलमात वर्णाचा उल्लेख आढळत नाही. साम्राज्यातील हिंदी प्रजाजन व जपान दुखावू नयेत, अशी ब्रिटिश सरकारची इच्छा होती. म्हणून नाताळ वसाहतीने १८९७ साली हिंदी लोकांविरुद्ध योजिलेली भाषिक कसोटीची युक्तीच येथे स्वीकारली गेली. आगंतुकाने एखाद्या युरोपीय भाषेतील पन्नास शब्द ऐकून लिहावयाचे; भाषा मात्र अधिकाऱ्याने निवडावयाची! १९०९ नंतर या परीक्षेत कोणीही उत्तीर्ण झाला नाही.

१९३४ साली एगॉन किश या बहुभाषी युरोपीय लेखकास राजकीय कारणास्तव अडविण्यासाठी स्कॉटिश गेलिक भाषा निवडण्यात आली. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने ती ग्राह्य मानली नाही. कोणास नाकारावयाचे हे आधी ठरे व भाषा मागाहून, ही गोष्ट या प्रकरणाने उघड झाली. ही परीक्षा १९५८ साली रद्द झाली. वर्णभेदाचे धोरण मात्र १९७३ पर्यंत पूर्णतः सुटले नाही. नवे राष्ट्र आपले स्वरूप प्रथम बहिष्कृतांच्या यादीवरून ठरवीत होते, असाच याचा निष्कर्ष निघतो.