दहा प्रश्न आणि गोव्याच्या बाळंतिणी

ओल्या बाळंतिणीला शेक, धुरी, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर वेळेवर मिळते की नाही, यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे काटेकोर लक्ष असे. ती हसते का, हे मात्र कोणी मोजत नसे.

१९८३ मध्ये स्टर्न आणि क्रुकमन या मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी असा तर्क मांडला, की प्रसूतीनंतरचे नैराश्य हा बऱ्याच अंशी पाश्चात्त्य समाजाचा आजार असावा. जिथे बाळंतिणीला विसावा आणि मदतीचे हात देण्याची रूढी आहे, तिथे तो विरळ असावा. माहेरच्या बाळंतपणाचा आणि सव्वा महिन्याचा परिपाठ जपणाऱ्या आपल्या समाजाला हा तर्क सुखावणारा होता. तो खरा की खोटा, हे ठरवायला हाती माप हवे होते.

ते माप १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झाले. नैराश्याच्या त्या वेळच्या प्रश्नावल्या थकवा, भूक, झोप यांविषयी विचारत. पण रात्री चार वेळा बाळाला पाजायला उठणारी कोणती आई थकलेली नसेल? जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की यांनी अशा शारीरिक लक्षणांवरचा भर काढला आणि मनाविषयीचे दहा प्रश्न ठेवले. झोपेचा प्रश्न राहिला, पण दुःखामुळे झोप उडाली का, असा. प्रश्न गेल्या सात दिवसांपुरते; प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण ३०. पहिला प्रश्न हसण्याविषयी आहे, शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी. जास्त गुण म्हणजे रोगनिदान नव्हे. या बाईशी कोणीतरी नीट बोलले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

हीच ‘एडिंबरो’ प्रश्नावली कोकणीत येऊन गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात पोहोचली. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या २७० स्त्रियांची नोंद केली आणि प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी त्यांची विचारपूस केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी तो सुखावणारा तर्क मोडीत काढला. पहिल्या फेरीत २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच होता. नैराश्य आढळलेल्या मातांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. ज्याला आपण बाळंतपणानंतरचे दुखणे म्हणतो, ते बहुतेकींच्या बाबतीत बाळाच्या आधीच घरात शिरलेले होते. कारणेही घरातलीच: ओढगस्त, नवऱ्याशी बिनसलेले नाते, मारहाण; आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. रूढीने विसावा दिला खरा, पण मुलाची हाव धरणारीही रूढीच होती.

पुढच्याच वर्षी याच गटाने आणखी दोन गोष्टी नोंदवल्या. नैराश्यग्रस्त मातांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाला आणि उंचीला मागे राहण्याचा धोका अधिक होता. आणि मोकळेपणी बोलते केल्यावर या माता आपले दुःख स्पष्ट शब्दांत सांगत, पण त्याला आजार मानत नसत. संसाराचा भोग मानत. डॉक्टरकडे जायचे ते ताप आला तर.

मग नुसते विचारून काय उपयोग, हा आक्षेप रास्तच आहे. उत्तर दिल्यावर पुढे कोणीच नसेल, तर न विचारलेले बरे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ साली प्रभा चंद्रा यांच्या पुढाकाराने आई आणि तान्हे बाळ एकत्र राहून उपचार घेऊ शकतील असा कक्ष सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडू नये, असे सांगितले. पण अशा खाटा गंभीर आजारासाठी असतात आणि मोजक्याच असतात.

बाकीच्यांसाठी गोव्यातच आणखी एक प्रयोग झाला. नैराश्य आढळलेल्या २८० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांकडे प्रशिक्षण घेतलेल्या, त्यांच्याच वस्तीतल्या साध्या स्त्रिया जाऊन बसत, बोलत, ऐकत. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचे होईतो या गटातल्या अधिक स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत मात्र ठोस फरक दिसला नाही. यश माफकच. पण या वेळी स्त्रियांची निवड गरोदरपणीच, तपासणीला आल्या असतानाच झाली होती. बाळंतपणाची वाट पाहिली गेली नव्हती.