चाळींचा खरा पाया

गोरगरिबांस स्वस्त व आरोग्यकारक घरें मिळावींत, या तत्त्वास उघड विरोध करणारा मनुष्य सांपडणें कठीण. परंतु तीं घरें कोठें व कोणास विचारून बांधावयाचीं, हा प्रश्न निघाला कीं तें एकमत क्षणांत मोडतें. मुंबईच्या गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नास मिळालेलीं निरनिराळीं उत्तरें विचार करण्याजोगीं आहेत, असें आम्हांस वाटतें.

१८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं मांडवी भागांत प्लेगची सांथ ओळखली. कोंदट वस्तीचें भय सरकारास तेव्हां खरें वाटलें, आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टनें रुंद रस्ते काढले, नवे भाग वसविले. तथापि आरंभीच्या वर्षांत त्यानें बांधलेल्या खोल्यांपेक्षां पाडलेल्या खोल्याच अधिक होत्या. ज्याचें बिऱ्हाड मोडलें तो गरीब मनुष्य शेजारच्या गल्लींतील आधींच भरलेल्या खोलींत शिरला. गर्दी हटविण्यास निघालेल्या उपायानें गर्दीचें स्थळ मात्र पालटलें.

पुढें १९२० सालीं, सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालें. मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसवून ५०,००० खोल्या बांधण्याचा तो संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडवर ३२ व शिवडीस १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. दर चाळींत ८० खोल्या, आणि दर खोली सुमारें १६० चौरस फुटांची. ही संख्या संकल्पाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असली तरी लहान नव्हे. आश्चर्य हें कीं, ज्या शहरांत एकेका खोलींत दोन दोन बिऱ्हाडें रहात होतीं, त्याच शहरांत वरळीच्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें रिकाम्या पडल्या. कामाची जागा दूर, बाजार दूर, काँक्रीटच्या भिंती व अपुरा उजेड. मजूर तेथें जाईना. पुढें कायदेभंगाच्या चळवळींत त्यांतील कांहीं चाळींचा उपयोग तात्पुरत्या तुरुंगासारखा झाला! सरकारनें सिमेंट, पोलाद व पैका यांचा हिशेब केला. राहणाराच्या संमतीचा हिशेब करावयाचा राहिला.

याच्या पांच वर्षें आधीं, १९१५ सालीं, गांवदेवींत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली होती. तिचे प्रवर्तक श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनीं घरें बांधण्यापूर्वीं विश्वास बांधला होता. १९०६ सालीं शामराव विठ्ठल पतसंस्था काढून त्यांनीं आपल्या ज्ञातिबांधवांस एकत्र पैसा ठेवण्याची व हिशेब पाहण्याची संवय लाविली. त्यामुळें घरांची योजना पुढें आली तेव्हां भाडेकरू हाच भागीदार झाला. या उदाहरणाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. ती संमति एका सुशिक्षित ज्ञातीची होती. तिचें दार इतरांस उघडें नव्हतें. परस्परांस ओळखणाऱ्यांचा विश्वास मिळविणें सोपें. अनोळखी, निर्धन शेजाऱ्याविषयीं विश्वास उत्पन्न करणें हीच खरी कसोटी होय.

त्या कसोटीस उतरणारें कार्य दुसऱ्यांनीं केलें. १९११ सालीं ना. म. जोशी यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. तिनें कामगारांच्या वस्तींत रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. परळच्या दामोदर हॉलमध्यें ९ मार्च १९२४ रोजीं भरलेल्या सभेंतूनच डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचा उगम झाला. खोली मिळाली म्हणजे मनुष्याचें सर्व भागलें असें नाहीं. आजारांत, बेकारींत व अज्ञानांत त्यास हात देणारें कोणीतरी जवळ असावें लागतें. सरकारी चाळीहि पुढें भरल्या, त्या अशाच आधारानें: कोंकणांतून व देशावरून आलेल्या माणसांनीं गांवकीचीं मंडळें, व्यायामशाळा व उत्सव उभे केले, आणि रिकाम्या भिंतींस घरपण आणलें.

याच चाळी पाडून नवीं घरें बांधण्याचें ठरलें तेव्हां रहिवाशांनीं वर्षानुवर्षें प्रश्न विचारले: किती जागा, कोणत्या अटी, मध्यंतरीं रहावयाचें कोठें? १९२० सालीं हे प्रश्न कोणी विचारूं दिले नव्हते. २०२५ च्या ऑगस्टांत वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं, त्यास या प्रश्नांचा कांहींच हातभार नव्हता असें कोण म्हणेल?

आपल्या पेठेंत निराधार वृद्धांचें वसतिगृह किंवा अल्प भाड्याचीं घरें होणार असें कळतांच, “काम चांगलें, पण येथें नको,” हा उद्गार आम्हां पांढरपेशांच्याच तोंडून प्रथम निघतो. तो उद्गार केवळ रागावून बंद होत नाहीं. योजना करणाऱ्यांनीं नकाशा आंखण्यापूर्वीं शेजाऱ्यांस बोलवावें, व शेजाऱ्यांनींहि नकार देण्यापूर्वीं येणारास एकवार भेटावें. लोकसंमति हा इमारतीवर शेवटीं द्यावयाचा रंग नव्हे. तो पाया आहे, आणि पाया आधींच खणावा लागतो.