ई-पीक पाहणी (नांदेड व लातूर जिल्हे)

शेतात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे, याची नोंद खातेदाराने स्वतःच्या मोबाइलवरून छायाचित्रासह करण्याची महाराष्ट्र शासनाची व्यवस्था. महसूल व कृषी विभागांचा हा प्रकल्प टाटा ट्रस्टच्या साहाय्याने उभा राहिला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. ही नोंद गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या खालच्या भागात उमटते. गावात तिला 'पेरा लावणे' म्हणतात.

हे दोन्ही जिल्हे मराठवाड्यातले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने इथले जुने महसुली दप्तर खासरापत्रक, पहाणीपत्रक अशा नावांनी ओळखले जाते. पुढे पेरा लिहिण्याचे काम तलाठ्याकडे (२०२४ पासून पदनाम ग्राम महसूल अधिकारी) राहिले. एका सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, अनेक गावे असत, तेव्हा प्रत्येक बांधावर जाणे कागदावरच शक्य होते. गेल्या वर्षीचा पेरा पुढे ओढला जाई. तूर घेतलेल्या रानात सोयाबीन दिसे. हे बदलायला हवे होते, याबद्दल दुमत नाही. पण तलाठ्याची कुचराई थांबवताना ते कामच शेतकऱ्याच्या गळ्यात पडले. पेरा कोरा राहिला, तर आता दोषही त्याचाच.

खातेदार ॲपमध्ये गाव, खाते आणि गट क्रमांक निवडतो, पीक, क्षेत्र व सिंचनाचे साधन भरतो आणि रानात उभे राहून फोटो काढतो. फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात. गटापासून दूर असल्यास ॲप तसे सांगते. रेंज नसेल, तर माहिती मोबाइलमध्ये साठवून नंतर पाठवता येते. नांदेडमधल्या किनवट, माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात ही सोय नसती, तर व्यवस्था पहिल्याच हंगामात थांबली असती. मात्र स्वस्त मोबाइलचे जीपीएस भरवशाचे नसते. वाटणीने फुटलेला नवा गट ॲपच्या यादीत सापडत नाही. शेवटच्या दोन-चार दिवसांत सगळा जिल्हा एकदमच नोंदीला बसतो आणि सर्व्हर मान टाकतो. मुदतवाढ हा मग नेमाचाच भाग होतो.

तांत्रिक अडचणी आवृत्तीगणिक थोड्या कमी होतात. माणसांच्या अडचणींना आवृत्ती नसते. सातबारा वडिलांच्या नावे आणि मोबाइल कॉलेजातल्या नातवाचा. भावाभावांत रान तोंडी वाटलेले, पण खाते सामायिक. मग एकाने सगळ्या क्षेत्रावर सोयाबीन लावले, की दुसऱ्याच्या तुरीला जागा उरत नाही. खातेदार बाईच्या वतीने नोंद बहुधा घरातला पुरुष करतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या रब्बीच्या रानात फोटो काढायला मागे कुणी नसते. गावोगावी नेमलेल्या सहायकांमुळे काही भार हलका झाला. काही ठिकाणी तर सेवा केंद्रातला मुलगाच गावाचा नवा तलाठी झाला आहे.

नोंदीला एवढे महत्त्व आले, ते तिच्याशी जोडलेल्या पैशामुळे. लातूर आणि नांदेड हे सोयाबीनचे जिल्हे. हमीभावाच्या खरेदीसाठी सातबाऱ्यावर पेरा लागतो. पीकविम्याच्या अर्जातले पीक आणि ई-पीक पाहणीतले पीक वेगळे निघाले, तर पाहणीतले ग्राह्य धरले जाते. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन व कापूस उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य जाहीर झाले, तेव्हा ई-पीक पाहणीची अट होती. ती पुढे सैल करावी लागली; पीक घेतलेले, पण पेरा नसलेले शेतकरी मोठ्या संख्येने बाहेर राहत होते.

खरिपाच्या नोंदीचा काळ ऑगस्ट-सप्टेंबरचा, म्हणजे मराठवाड्यात अतिवृष्टीचाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरातल्या हसनाळसारख्या गावांत पाणी शिरले, सप्टेंबरमध्ये दोन्ही जिल्ह्यांतली रानेच्या राने पाण्याखाली गेली. ज्याचा पेरा तोवर लागलेला नव्हता, त्याने फोटो कशाचा काढायचा, याचे उत्तर ॲपमध्ये नाही. नुकसानीचे पंचनामे त्यामुळे आजही माणसेच बांधावर जाऊन करतात.

२०२४ पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणात सामावली गेली आणि ॲग्रिस्टॅक या डिजिटल कृषी योजनेखाली प्रत्येक खातेदाराला शेतकरी ओळख क्रमांक देण्यात येऊ लागला. हा क्रमांकही जमीन नावावर असणाऱ्यालाच मिळतो. तोंडी बोलीवर बटाईने रान करणाऱ्याचे बियाणे, खत आणि घाम त्या रानात असतो, पण सातबाऱ्यावर नाव नसल्याने नोंदीत तो कुठेच येत नाही. अनुदान मालकाच्या खात्यात जमा होते. त्यातले बटाईदाराला किती मिळायचे, ते दोघांच्या बोलण्यावर ठरते.