गाडी बोलवायची कधी?

माझं लहानपण कोकणच्या किनाऱ्यावर गेलं. बंदरावर धोक्याचा बावटा चढला की होड्या ओढून वर घ्यायच्या, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. पण घर सोडायचं का, आणि सोडायचं तर नेमकं कधी, हे बावटा सांगत नाही. ते माणसालाच ठरवावं लागतं. पुढे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वाचन करताना या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या एका रेल्वेगाडीची हकीकत माझ्या हाती लागली. गोष्ट अमेरिकेतली आहे, १९३५ सालच्या सप्टेंबर महिन्यातली.

अटलांटिक महासागरातल्या चक्रीवादळांना हरिकेन म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला फ्लोरिडा राज्य आहे आणि त्याच्याही खाली समुद्रात छोट्या छोट्या बेटांची एक लांब माळ पसरलेली आहे. तिला फ्लोरिडा कीज म्हणतात. बेटं इतकी सखल की समुद्र थोडा खवळला तरी पाणी दाराशी यावं. हेन्री फ्लॅगलर नावाच्या धनाढ्य उद्योगपतीने या बेटांवरून, समुद्रात पूल बांधत, शेवटच्या की वेस्ट बेटापर्यंत रेल्वे नेली होती. १९१२ साली ती पुरी झाली. मोटारीचा रस्ता मात्र मध्येच तुटलेला होता. तिथे फेरीबोटीने पाणी ओलांडावं लागे. तो जोडण्याचं काम १९३५ मध्ये सुरू होतं.

हे काम करणारे मजूर म्हणजे पहिल्या महायुद्धात लढलेले माजी सैनिक. मंदीच्या काळात बेकार झालेले. सरकारने कबूल केलेला बोनस लगेच मिळावा म्हणून १९३२ साली हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला धडकले होते आणि लष्कर आणून त्यांना हुसकावण्यात आलं होतं. त्यानंतर सरकारने अशा अनेकांना दूरदूरच्या कामांवर पाठवलं. त्यांतल्या सुमारे सातशे जणांसाठी कीजमध्ये तीन छावण्या होत्या. राहायला तंबू आणि फळ्यांच्या तकलादू खोल्या, त्याही समुद्राच्या काठावर. ऐन वादळाच्या मोसमात.

ऑगस्टच्या शेवटी बहामा बेटांच्या बाजूला एक वादळ असल्याची बातमी हवामान खात्याने दिली. तेव्हा उपग्रह नव्हते, रडार नव्हतं. समुद्रातल्या वादळाची खबर मिळायची ती बेटांवरच्या वेधशाळांकडून आणि जहाजांच्या बिनतारी संदेशांतून. यात एक विचित्र पेच होता. इशारा मिळाला की शहाणे कप्तान जहाज दूर नेत. आणि जहाजं दूर गेली की वादळाजवळ पाहणारं कुणी उरत नसे. इशारा जितका चांगला, तितकं वादळ पुढे अंधारात.

त्यात हे वादळ आकाराने लहान होतं. लहान वादळाचा स्वभाव तापट. पाणी कोमट असेल, वरची हवा अनुकूल असेल, तर ते पाहता पाहता फोफावतं. १ सप्टेंबरला, रविवारी, ते बहामातल्या अँड्रॉस बेटाच्या दक्षिणेला नुकतं हरिकेनच्या दर्जाला पोचलं होतं. जेमतेम दीड दिवसात ते अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळलेलं सर्वांत जोरदार वादळ ठरणार होतं. पण रविवारी हे कुणालाच दिसत नव्हतं. खात्याच्या अंदाजानुसार वादळ कीज आणि क्यूबा यांच्या मधल्या सामुद्रधुनीतून पश्चिमेला निघून जाणार होतं.

सोमवार, २ सप्टेंबर. लेबर डेची सुट्टी. बरेचसे सैनिक मजा करायला मायामीला किंवा की वेस्टला गेलेले. छावणीत निम्मेअधिक उरलेले. बेटांवरचे जुने रहिवासी घरातल्या वायुभारमापकाकडे पाहून खिडक्यांवर फळ्या ठोकत होते. वादळं त्यांनी पूर्वीही पाहिली होती, घरं सोडायची त्यांना सवय नव्हती. छावण्यांचे प्रमुख रे शेल्डन यांनी रेल्वेकडे गाडीची चौकशी करून ठेवली होती. गरज पडली तर मायामीहून गाडी येईल आणि सगळ्यांना उचलून नेईल, असा बेत होता. गरज पडली तर! सगळा घोळ या तीन शब्दांत होता. वादळ येणार हे नक्की कळेपर्यंत गाडी बोलवायची नाही, असं ठरल्यासारखं झालं. सुट्टीच्या दिवशी खास गाडी मागवायची, आणि वादळ बाजूने निघून गेलं तर?

त्याच दुपारी क्यूबाच्या लष्करी हवाई दलात काम करणारा लिओनार्ड पोवी नावाचा अमेरिकन वैमानिक उघड्या विमानातून वादळ शोधायला निघाला. खुद्द वादळात शिरणं त्याला शक्य नव्हतं. पण बाहेरून पाहून त्याने सांगितलं की वादळ समजलं जातंय त्यापेक्षा उत्तरेला आहे. म्हणजे ते वळलं होतं.

त्याच्या आधीच, दुपारी दोनच्या सुमारास, शेल्डन यांचे वरिष्ठ फ्रेड गेन्ट यांनी जॅक्सनविलहून गाडी सोडण्याची सूचना दिली होती. आता या गाडीचं वेळापत्रक पाहा. डबे जोडून, माणसं गोळा करून गाडी मायामीहून निघाली ४ वाजून २५ मिनिटांनी. शहरातल्या नदीवरचा पूल बोटींसाठी उचललेला होता. तिथे दहा मिनिटं. होमस्टेड स्थानकात इंजिनाची जागा बदलली, कारण परत येताना इंजिन पुढे हवं होतं. तिथून डबे उलटे ढकलत प्रवास. स्नेक क्रीकपाशी वाऱ्याने लोंबकळणारी एक जाड तार इंजिनाला अडकली. ती सोडवण्यात तासाहून अधिक वेळ गेला. आयलामोराडा या स्थानकात गाडी पोचली तेव्हा रात्रीचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. अंधार, पाऊस आणि वाळूचा मारा असा, की चालक हेक्राफ्ट यांना स्थानक दिसलंच नाही. गाडी पुढे गेली आणि मागे आणावी लागली. बायकामुलं, सैनिक डब्यांत चढू लागले. आणि समुद्र आला. पाच-साडेपाच मीटर उंचीचं पाणी बेटावरून गेलं. अकराच्या अकरा डबे रुळांवरून उलथले. ४४७ क्रमांकाचं जड इंजिन तेवढं उभं राहिलं.

त्या रात्री चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत अडीचशेहून अधिक माजी सैनिक होते. एका मच्छीमार बोटीच्या कप्तानाकडच्या वायुभारमापकाने २६.३५ इंच, म्हणजे ८९२ मिलिबार इतका दाब दाखवला होता. पुढे ते उपकरण वॉशिंग्टनला तपासून तो आकडा मान्य करण्यात आला. अमेरिकेच्या भूमीवर आदळलेल्या हरिकेनमधला तो नीचांक आजही कायम आहे.

अवघ्या आठवड्याभरात सरकारी चौकशी उरकली आणि ही देवाची करणी होती, कुणाचा दोष नाही, असा निष्कर्ष निघाला. की वेस्टला राहणारा लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे मदतीसाठी बोटीने तिथे गेला होता. त्याने ‘या सैनिकांचा खून कुणी केला?’ अशा अर्थाच्या मथळ्याचा संतप्त लेख लिहिला. १९३६ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे पुन्हा सुनावणी झाली.

दोष कुणाचा, हा वाद बाजूला ठेवून मी नुसता हिशोब मांडून पाहिला. गाडी मागवल्यापासून ती आयलामोराडाला पोचेपर्यंत सहा तासांहून अधिक वेळ लागला. तार अडकलीच नसती असं धरलं तरी पाच तास. म्हणजे निर्णयाची वेळ दुपारी दोनची नव्हतीच. ती सकाळी केव्हातरी येऊन गेली होती, आणि सकाळी अंदाज सांगत होता की वादळ बाजूने जाईल. खात्री झाली तेव्हा वेळ उरली नव्हती. वेळ होती तेव्हा खात्री नव्हती.

त्यानंतर विज्ञानाने मोठी मजल मारली. १९४३ मध्ये जोसेफ डकवर्थ हा वैमानिक मुद्दाम हरिकेनमध्ये विमान घेऊन शिरला आणि सुखरूप परतला. १९६० पासून हवामानाचे उपग्रह आले. वादळ कुठे जाईल हे आता बरंच आधी सांगता येतं. ते किती जोर धरेल, हे सांगणं मात्र अजून अवघड जातं. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटरने वाढला तर त्याला वेगाने तीव्र होणं म्हणतात. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ओपल हे वादळ मेक्सिकोच्या आखातात रात्रीतून असंच भडकलं. लोक झोपले तेव्हा एक वादळ होतं, उठले तेव्हा दुसरंच. सगळे एकदम निघाले आणि रस्ते तुंबले. किनाऱ्याला लागण्यापूर्वी वादळ काहीसं मंदावलं म्हणून मोठा अनर्थ टळला. २०२३ साली मेक्सिकोच्या आकापुल्को शहरावर आलेल्या ओटिसने तर एका दिवसात साध्या वादळापासून सर्वोच्च, पाचव्या श्रेणीपर्यंत मजल मारली. तिथे शहर रिकामं करायला वेळच मिळाला नाही.

मग शंका आली की पळावं, हे उत्तर का? तेही इतकं सोपं नाही. २००५ च्या सप्टेंबरमध्ये कॅटरिनाचा विध्वंस ताजा होता. रिटा वादळ प्रचंड जोर धरून टेक्ससकडे निघालं, आणि ह्यूस्टन परिसरातून सुमारे पंचवीस लाख लोक बाहेर पडले. उन्हात, तासन्‌तास खोळंबलेल्या रस्त्यांवर गाड्यांचं इंधन संपलं. वृद्धांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण दगावले. या पळापळीत शंभराच्या आसपास माणसं मेली, आणि वादळ ह्यूस्टनच्या पूर्वेला जाऊन आदळलं. त्यातल्या पुष्कळांना घर सोडण्याची गरजही नव्हती. धोका होता तो मुख्यतः किनाऱ्यालगतच्यांना.

या दोन टोकांच्या मधला मार्ग फ्लोरिडा कीजच्या लोकांनी काढलेला दिसतो. तिथली रेल्वे १९३५ नंतर पुन्हा उभी राहिली नाही. तिच्याच पुलांवरून १९३८ साली मोटाररस्ता सुरू झाला आणि आजही बाहेर पडायला तोच आधार आहे. २०१७ साली इर्मा वादळ आलं तेव्हा ते चार दिवस दूर असतानाच तिथे हुकूम निघाला: बुधवारी सकाळी पर्यटकांनी निघावं, संध्याकाळी रहिवाशांनी. वादळ रविवारी कीजवर आलं. वादळाची खात्री झाल्यावर निघायचं ठरवलं नव्हतं. रस्ता रिकामा व्हायला किती तास लागतील ते आधी मोजलं आणि तेवढे तास मागे जाऊन निर्णय घेतला. अशा पद्धतीत एखादी खेप फुकट जाणारच. लोक नावं ठेवणार, हुकूम काढणाऱ्याला हसणार. ते हसू सोसण्याची तयारी अधिकाऱ्यापाशी हवी, आणि पुढच्या वेळी पुन्हा निघण्याची लोकांपाशी.

आयलामोराडाला १९३७ साली उभारलेलं एक दगडी स्मारक आहे. सैनिक आणि बेटावरचे रहिवासी, दोघांच्याही अस्थी तिथे एकत्र आहेत. स्मारकाच्या दगडावर वाऱ्याने वाकलेले माड आणि उसळणाऱ्या लाटा कोरलेल्या आहेत. उशिरा पोचलेल्या त्या गाडीचं चित्र त्यावर नाही. मला मात्र त्या स्मारकाचा विचार आला की आधी गाडीच आठवते. आणि दुपारचे दोन नव्हे, तर त्या दिवशी सकाळी आठ-नऊचा, सुट्टीचा, शांत वाटणारा तास.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)